अष्टमी कुणाच्या नावाची

षड्रिपूंची मोजदाद करताना मत्सराचे नाव सर्वांत शेवटी येते. काम, क्रोध, लोभ, मोह, मद हे पाच दांडगे भाऊ छाती काढून पुढे चालतात, आणि हे शेंडेफळ आईचा पदर धरल्यासारखे मागून निमूट येते. काम-क्रोधांना माणूस उंबरठ्यावरच ओळखतो आणि हाकलतो. मत्सर मात्र घरचाच म्हणून आत येतो, पाटावर बसतो, ताटात जेवतो आणि एखाद्या दिवशी देवघरातही शिरतो. कुमुदिनीबाई कदम यांच्या देवघरात तो दोन हजार सात सालच्या भाद्रपदात शिरला. परत आलेल्या मनीऑर्डरीचा हात धरून शिरला.

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत कदमांची दोन घरे आहेत, गल्लीच्या दोन अंगांना, दारासमोर दार. एका घरात थोरले महिपतराव, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई. समोरच्या घरात धाकटे सूर्याजीराव, शिलाई यंत्रांचे दुकानदार, आणि त्यांच्या पत्नी लीलाताई. कदमांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून वर आले. पुढे तलवारी गेल्या, नोकऱ्या आल्या, जिभेवर हिंदी चढली. कुलस्वामिनी मात्र तिथेच राहिली, सह्याद्रीच्या कुशीतल्या धारखोऱ्यात. भक्त हजार कोस दूर गेला म्हणून आई काही मागे मागे येत नाही, आणि विसरतही नाही. ती वाट पाहते. त्या वाट पाहण्याला कदमांच्या घरचे उत्तर एकच होते: दर नवरात्रात अष्टमीचा महाअभिषेक. तो थोरल्या सुनेच्या नावाने व्हायचा, आणि त्याची दक्षिणा मनीऑर्डरने जायची.

हे नाव म्हणजे काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. कुमुदिनीबाई एकोणिसाव्या वर्षी देवासहून लग्न होऊन आल्या, आणि त्या दिवसापासून त्यांना नावाने हाक मारणारे माणूस उरले नाही. सासूबाईंची सूनबाई, दिराची वहिनी, धाकटीची जाऊबाई, पुतणीची मोठीआई, गल्लीची कदम भाभी. त्यांना स्वतःचे मूल झाले नाही, म्हणून नुसती 'आई' अशी हाकही वाट्याला आली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या धारखोऱ्याला गेल्या होत्या. गाभाऱ्यात गुरुजींनी हातावर पाणी सोडून संकल्प म्हटला, "कौंडिण्यगोत्रोत्पन्नायाः कुमुदिनीनाम्न्याः," आणि त्यांचे नाव काळ्या दगडाला लागून परत आले. देवीने ऐकले आणि पुन्हा म्हणून दाखवले, असे त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला वाटले. पुन्हा तिकडे जाणे झाले नाही. परंतु दर अष्टमीला सकाळी दहा वाजता, तिकडे अभिषेक सुरू होतो त्या वेळी, त्या पैठणी नेसून घरच्या देव्हाऱ्यासमोर बसत, डोळे मिटत आणि ऐकत. वर्षातून एकदा हजार कोसांवर कुणीतरी त्यांचे नाव घेत होते. तेवढ्यावर त्यांचे वर्ष निघत होते.

दिवाळीच्या सुमारास धारखोऱ्याहून प्रसादाची पुडी येई. सोबत पुजारी राघवशास्त्रींचे पोस्टकार्ड असे, कोपऱ्यावर कुंकवाचे बोट उमटलेले. ज्या वर्षीचे कार्ड, त्या वर्षीच्या पंचांगात ते ठेवलेले. अशी तेहतीस पंचांगे त्यांच्या कपाटात होती.

आणि इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. पाडव्याच्या जेवणाला दोन्ही घरे एकत्र येत, तेव्हा कुमुदिनीबाई ते कार्ड मोठ्याने वाचून दाखवत. वाचून झाले की पुडी उघडत, चिमूटभर खडीसाखर घेत आणि म्हणत, "लीला, हात पुढे कर." लीलाताई हात पुढे करत. चोवीस वर्षे केला. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली, हे देणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. घेणाऱ्याच्या राहते.

त्या वर्षी श्रावणात कुमुदिनीबाई नेहमीप्रमाणे महाराज बाड्यावरच्या पोस्टात गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी चिंचोळे कुपन असते. त्यात त्यांनी मुंगीएवढ्या अक्षरांत नाव, गोत्र आणि तिथी लिहिली. खिडकीतून पैसे देताना ओठांतल्या ओठांत आपले नाव-गोत्र उच्चारले, कारण संकल्प तिथूनच सुरू होतो अशी त्यांची श्रद्धा. पुढे पंधरवड्याने, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, पोस्टमन ती मनीऑर्डर परत घेऊन आला. कुपनाच्या मागे अनोळखी अक्षरात लिहिले होते: अष्टमी आधीच नोंदली गेली आहे. नवरात्राची नोंदणी यंदापासून संगणकावर.

कुमुदिनीबाई कुपन हातात घेऊन उभ्याच होत्या, तोच समोरचे दार उघडले. लीलाताई गल्ली ओलांडून आल्या. त्यांच्याही हातात कागद होता, पण पांढराशुभ्र आणि छापील.

"जाऊबाई, हे बघा. गरिमानं मला बँकेचं कार्ड काढून दिलंय ना, तिच्याच खात्यावरचं, त्याच्यावरनं देवीचं बुकिंग झालं. सूर्याजींच्या दुकानातल्या कम्प्यूटरवर. पाच मिनिटांत."

गरिमा म्हणजे लीलाताईंची लेक, गुडगावला नोकरीला.

"कोणती तिथी?" कुमुदिनीबाईंनी विचारले.

"अष्टमी. गरिमा फोनवर सांगून राहिली होती, 'आई, जल्दी बोलो, डेट निकल जाएगी.' माझ्या तोंडून अष्टमीच निघालं. आपल्या घरची अष्टमीच असते ना."

"असते," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "चहा घेणार?"

"नको, कुकर लावून आलेय."

लीलाताई गेल्या. कुमुदिनीबाईंनी छापील कागद नीट पाहिला होता. त्यावर लीलाताईंचे नाव होते, ठसठशीत. तेहतीस वर्षे मुंगीएवढ्या अक्षरांत जे लिहिले, ते यंत्राने बोटाएवढे छापून दिले होते.

त्या दिवसापासून मत्सर घरचा झाला. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी ती मुद्दाम आपल्याला ऐकवली जाते आहे असे कुमुदिनीबाईंना वाटू लागले. लीलाताईंचे पापड लवकर वाळत, म्हणजे सूर्यनारायणही त्यांच्याच गच्चीवर जास्त वेळ रेंगाळतो. पोस्टमन समोरच्या दाराशी थांबला की यांचा हात पोळपाटावर थांबे. त्यांनी जप वाढवला, तर जपमाळेच्या प्रत्येक मण्याला लीला आडवी येई. देवीचे नाव घ्यायला बसावे आणि जावेचे नाव घेऊन उठावे, असे झाले. ईर्ष्येने केलेले नामस्मरण हेसुद्धा नामस्मरणच. फक्त देव बदलतो.

महिपतराव हे पाहत होते. ते बोलणारे गृहस्थ नव्हते, पण बायकोची पोळी कुठल्या दिवशी करपते याचा हिशेब त्यांच्या मनात चोख असे.

"नवमी रिकामी आहे म्हणतात," एके दिवशी ते म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"उमाजी. त्याच्या दुकानात इंटरनेट आहे. चल, आपणही करू."

"आपल्याकडं कुठलं कार्ड?"

"बघतो मी काहीतरी. तू चल."

उमाजी हे महिपतरावांचे शाळासोबती. फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि कंपू भागात संगणकांचे दुकान काढून बसले. चार यंत्रे, एक पंखा, भिंतीवर जुन्या पलटणीचा फोटो. कुमुदिनीबाई दारातच थबकल्या आणि त्यांनी चपला काढल्या.

"वहिनी, चपला राहू द्या. दुकान आहे हे."

"पैसे देवीला जाणारेत ना?"

"जाणारेत."

"मग."

 उमाजींनीही आपले बूट काढून टेबलाखाली सरकवले.

देवस्थानाचे पान हळूहळू उघडले. आधी कळस आला, मग देवीचे मस्तक, मग नेत्र. जसा पडदा दूर व्हावा आणि दर्शन घडावे, तसे. कुमुदिनीबाईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. परडीतून आणलेले जास्वंदाचे फूल कुठे वाहावे हे न कळून त्यांनी ते यंत्राच्या पुढ्यात ठेवले. नवरात्राचे नऊ चौकोन दिसत होते. त्यांतला आठवा लाल होता. त्या लाल चौकोनाकडे त्यांनी जे पाहिले, ते काही फार भक्तिभावाने पाहिले असे म्हणता येणार नाही.

"नवमी?" उमाजींनी विचारले.

"नवमी."

महिपतरावांनी खिशातून कार्ड काढले. त्यांनी ते उमाजींच्या हाती दिले नाही, स्वतःच धरले. खालच्या अंगाला अंगठा घट्ट ठेवून फक्त आकडे दाखवले. मग एकदा, क्षणभर, अंगठा सरकवला. उमाजींनी पाहिले, महिपतरावांकडे पाहिले आणि मुकाट्याने टंकले. अंगठा पुन्हा जागेवर बसला. कुमुदिनीबाई देवीचे नेत्र पाहत होत्या. त्यांना वाटले, आपलेच नाव लिहिले जाते आहे.

पहिल्या खेपेला बटण दाबले आणि वीज गेली. वीज आली, पुन्हा सगळे भरले, तर यंत्र म्हणाले की व्यवहार स्वीकारता येत नाही. तिसऱ्या खेपेला पडद्यावर एक सूचना आली. उमाजींनी ती उलगडून सांगितली. "मागे फिरू नका, पुन्हा बटण दाबू नका, शांतपणे वाट पाहा."

"हेच तर कीर्तनात सांगतात," कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत आपले नाव-गोत्र उच्चारले, पोस्टाच्या खिडकीशी उच्चारत असत तसेच.

पडद्यावरचे चाक फिरत राहिले. मग पान कोरे झाले. पुष्कळ वेळाने एक लांबलचक आकडा उमटला.

"झालं?" महिपतरावांनी विचारले.

"झालं असावं."

"पैसे गेले?"

"गेले असणार."

"कुठं गेले?"

"आता ते देवीलाच ठाऊक," सुभेदारसाहेब म्हणाले. "आपल्याकडनं निघाले, एवढं मी सांगू शकतो."

पोस्टात गोल शिक्का मारलेली पावती मिळे. इथे छपाईच्या यंत्रात शाई नव्हती. उमाजींनी तो आकडा एका चिठ्ठीवर उतरवून दिला. एवढ्या आधारावर कुमुदिनीबाई टेंपोत बसून छावणीत परतल्या.

नवरात्र आले. अष्टमी उजाडली. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी पैठणी कपाटातच राहिली. दहा वाजले तेव्हा कुमुदिनीबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या, नसलेले खडे शोधत. खिडकीतून समोरचे घर दिसत होते. लीलाताई रेशमी लुगडे नेसून देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या, डोळे मिटून, पाठ ताठ करून. अगदी कुमुदिनीबाई बसत तशाच. कार्ड घेतले, तिथी घेतली, आता बसण्याची रीतही घेतली. कुमुदिनीबाईंनी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी, नवमीला, त्या बसल्या खऱ्या. पण मन थाऱ्यावर नव्हते, आणि काही ऐकू आले नाही.

पाडव्याला दोन्ही घरे समोरच्या घरी जेवायला बसली. जेवणे झाली, आणि लीलाताईंनी आतून दोन पुड्या आणल्या.

"दोन आल्या, जाऊबाई. एक अष्टमीची नि एक नवमीची. नवमी तर मी केलीच नव्हती. गरिमाला विचारलं, बिल तिच्याकडंच जातं ना, तर म्हणते, 'सिस्टम में कुछ डबल हो गया होगा, आई, जाने दो.' मी म्हटलं, देवीनं आपण होऊन दिलं, तर नको कसं म्हणावं?"

सूर्याजीरावांना एकाएकी ठसका लागला. महिपतराव पानाला चुना लावत होते, तो हातही मध्येच थांबला.

"जाऊबाई," लीलाताई हसून म्हणाल्या, "हात पुढे करा."

कुमुदिनीबाईंनी हात पुढे केला. नवमीच्या पुडीतली खडीसाखर तळव्यावर पडली. ती त्यांनी तोंडात घातली, कारण प्रसाद नाकारता येत नाही. घरी येईपर्यंत ती विरघळली नव्हती.

"ते कार्ड कुणाचं होतं?" दार लावून त्यांनी विचारले.

"सूर्याजीनं दिलं."

"सूर्याजींचं?"

"त्याच्याकडं कुठलं असणार. लीलाचं." महिपतराव खाली पाहत म्हणाले. "तिच्या कपाटातनं काढून दिलं त्यानं. पैसे मी त्याच दिवशी रोख दिले त्याला. तिला सांगू नको म्हटलं होतं, तर नाही सांगितलं बिचाऱ्यानं."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू केलं असतंस?"

"नाही."

"म्हणून अंगठा ठेवला." मग ते म्हणाले, "नावाच्या जागी कार्डावरचंच नाव घालावं लागतं, नाहीतर बँक हो म्हणत नाही. मला वाटलं, ते नाव बँकेपुरतं. देवीपर्यंत कशाला जाईल?"

जे नाव कार्डावर, तेच पावतीवर. जे पावतीवर, तेच संकल्पात. पैसे यांचे, फूल यांचे, जोडलेले हात यांचे, आणि गाभाऱ्यात नाव लीलेचे. अष्टमीला लीला आणि नवमीलाही लीला. त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या, तर महिपतरावांना बरे वाटले असते. त्या देवघरात गेल्या, त्या वर्षीचे पंचांग काढले, कार्डाविना राहिलेली त्याची पाने चाळली आणि ते पुन्हा ठेवून दिले.

कार्तिकी एकादशी झाली आणि धारखोऱ्याहून एक बंद आंतर्देशीय पत्र आले. राघवशास्त्रींनी लिहिले होते:

"सौभाग्यवती कुमुदिनीबाई यांस अनेक आशीर्वाद. माझ्याकडून एक अपराध घडला, तो कळवणे मला प्राप्त आहे. यंदा अष्टमीचे यजमानपद कार्यालयातील यंत्राच्या यादीप्रमाणे सौ. लीलाबाई कदम यांचे होते. यादी माझ्यासमोर होती. परंतु बरोबर दहा वाजता संकल्पास बसलो, हातावर पाणी घेतले, कदम हा शब्द उच्चारला, आणि तेहतीस वर्षांच्या सवयीने जीभ आपल्याच नावावर गेली. पाणी सुटल्यावर भानावर आलो. सुटलेले पाणी परत घेता येत नाही. तो अभिषेक आपल्या नावाने झाला. नवमीसही यादीत लीलाबाईंचेच नाव होते. ते मी कागदावर बोट ठेवून काळजीपूर्वक घेतले. लीलाबाईंचा पत्ता कार्यालयातील यंत्रात आहे, मजजवळ नाही, आपला पाठ आहे, म्हणून आपणास लिहितो. त्यांना सांगावे व माझ्या वतीने क्षमा मागावी. पुढील वर्षापासून अष्टमी व नवमी या दोन तिथी पत्राने लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवण्याची विनंती मी विश्वस्तांना केली, ती त्यांनी मान्य केली आहे."

आईची लीला अशी असते. माणसे चौकोन लाल करतात, अंगठे ठेवतात, कपाटांतून कार्डे काढतात. आणि ती म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या जिभेवर बसून आपल्याला हवे ते नाव बोलून घेते. कुमुदिनीबाईंनी पत्र एकदा वाचले, दोनदा वाचले. पहिल्यांदा आनंद झाला. लीलेच्या कार्डावर, लीलेच्या पैशांनी, लीला पाठ ताठ करून बसली असताना गाभाऱ्यात कुमुदिनी हेच नाव घुमले होते. आणि मग दुसऱ्या वाचनाला त्यांचे बोट एका शब्दावर अडले. बरोबर दहा वाजता. त्या वेळी नाव आले होते. तेहतीस वर्षे जे ऐकायला बसत होत्या ते याही वर्षी आले होते, आणि त्या तांदूळ निवडत होत्या.

पत्र त्यांनी पंचांगात ठेवले आणि पंचांग कपाटात. लीलाला सांगावे, असे गुरुजींनी लिहिले होते. आज सांगू, उद्या सांगू, असे अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांत कुकरच्या शिट्टीचा त्रास झाला नाही. लीलाताई गच्चीवर दिसल्या की कुमुदिनीबाईंच्या मनात एक गोड गोळी विरघळे: तुला ठाऊक नाही, मला आहे. मत्सराला खायला मिळाले नाही की तो रडतो, आणि पोटभर मिळाले की तो असा मांडीवर झोपतो. जात मात्र नाही.

बाराव्या दिवशी दुपारी लीलाताई मेथी निवडायला म्हणून समोरून आल्या. दोघी पडवीत बसून पाने खुडू लागल्या. 

"जाऊबाई, एक विचारू?" लीलाताई म्हणाल्या. "हसणार नाही ना?"

"विचार."

"अष्टमीला दहा वाजता तुम्ही बसायच्या. तेव्हा तुम्हाला काही ऐकू यायचं का हो?"

कुमुदिनीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुमचं ते तोंड मी खिडकीतून बघायची," लीलाताई सांगत होत्या. "दरवर्षी. कुणीतरी हाक मारल्यासारखं व्हायचं तुमचं तोंड. पाडव्याला तुम्ही कार्ड वाचायच्या, हात पुढे कर म्हणायच्या, मला वाटायचं, एकदा तरी ही हाक आपल्याला यावी. गरिमानं तारीख विचारली ना, तर खरं सांगते, अष्टमी चुकून नाही निघालं तोंडातून. मीच म्हटलं." त्यांनी एक काडी उगाचच मोडली. "म्हणून बसले. तुमच्यासारखीच बसले. पण काहीच ऐकू नाही आलं मला. म्हटलं, देवीला राग आला असेल. दुसऱ्याचं घेतलं ना मी."

आता याचे उत्तर कपाटात, पंचांगात घडी घालून ठेवलेले होते. चोवीस वर्षे हात पुढे करणारी बाई समोर बसली होती, आणि देवीने आपल्याला टाकले असे समजून मेथी निवडत होती. हे तसेच राहू द्यायला काहीच कष्ट नव्हते. नुसते गप्प बसायचे होते.

कुमुदिनीबाई उठल्या. आत गेल्या, पंचांग घेऊन आल्या आणि त्यांनी पत्र लीलाताईंच्या मांडीवर ठेवले, मेथीच्या देठांतच. मग आपणच सगळे सांगितले: उमाजींचे दुकान, तो अंगठा, नवमी कुणाची होती, आणि हे पत्र येऊन अकरा दिवस झाले, हेही.

लीलाताईंनी पत्र सावकाश वाचले.

"म्हणजे अष्टमीला माझं नाव घेतलंच नाही."

"नाही."

"म्हणून ऐकू नाही आलं."

"म्हणून. देवीला राग नव्हता आला. नवमीला घेतलं की तुझं. माझ्या पैशांनी."

"कागदावर बोट ठेवून," लीलाताई म्हणाल्या. त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, ती ओळ पुन्हा पाहिली. "तुमचं नाव जिभेवर नि माझं कागदावर. कार्ड असूनसुद्धा."

 कुमुदिनीबाईंजवळ बोलण्यासारखे एकच होते, आणि ते खूप गोड होते, म्हणून त्यांनी ते गिळले.

"पुढल्या वर्षी मी मनीऑर्डर करणार," लीलाताई म्हणाल्या.

"कर की."

"आणि त्या अकरा दिवसांचं मी विसरणार नाही, जाऊबाई."

"नको विसरू. मेथी संपव आधी."

वर्ष फिरले, श्रावण आला. कुमुदिनीबाई महाराज बाड्यावरच्या पोस्टात शिरल्या. पाहतात तो रांगेत त्यांच्यापुढे चार माणसे, आणि त्या चौघांच्याही पुढे, थेट खिडकीपाशी, लीलाताई. हातात मनीऑर्डरचा फॉर्म, डोक्यावर पदर, आणि चपला काढून एका बाजूला ठेवलेल्या. धाकटीने रांगही आधी गाठली होती. कुमुदिनीबाईंच्या पोटात ते शेंडेफळ जागे झाले आणि त्याने लाथ मारली.

लीलाताई फॉर्म उलटसुलट करत होत्या. मागचा माणूस म्हणाला, "माताजी, जल्दी कीजिए." त्यांनी वळून पाहिले, तर मागे जाऊबाई.

"जाऊबाई, ह्यात गोत्र कुठं लिहायचं? जागाच नाही मिळून राहिली."

जागा नव्हतीच. मनीऑर्डरच्या फॉर्मात गोत्राला जागा नसते. ती कुठे करून घ्यायची हे त्या पोस्टात एकाच बाईला ठाऊक होते. कुमुदिनीबाईंनी आपली रांगेतली जागा सोडली, पुढे गेल्या आणि कुपनावर बोट ठेवले.

"इथं. बारीक लिही. आधी नाव, मग गोत्र, मग तिथी."

"तिथी कोणती लिहू?"

खिडकीतला कारकून पाहत होता, रांग पाहत होती. धारखोऱ्याची आईही पाहतच असणार.

"अष्टमी," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आणि नावाला जागा जरा सोड. दोन मावतात."

"आधी कुणाचं?"

"खिडकीपाशी आधी कोण आलं?"

"मी."

"मग तुझं."

लीलाताईंनी पेन टेकवले आणि आपले नाव लिहिले, कपाळावरच्या कुंकवाएवढ्या एकेका अक्षरात. लिहून झाले तेव्हा कुपनाचा उजवा काठ आला होता. कुमुदिनीबाईंचे नाव मग काठाकाठाने, तिरपे, वर चढवत न्यावे लागले.

"बारीक लिही म्हटलं होतं," कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि दोघींनी मिळून पैसे खिडकीतून आत सरकवले.